डिझेल गाडीचा आरपीएम काटा चुकतोय? इंजिनाला हात लावण्याआधी हे तपासा

तुर्भ्याला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वाशी मार्केटचे पिकअप, एमआयडीसीच्या स्टाफबस, जेएनपीटीकडे जाणारे ट्रेलर असं जवळजवळ सगळं काम डिझेलचं. त्यात एक तक्रार दर महिन्याला ठरलेली: ‘मिस्त्री, आरपीएमचा काटा बरोबर नाही.’ आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे. जून लागला की ही तक्रार दुप्पट होते. दहातल्या सात-आठ गाड्या मी एका तासाच्या आत, कधी फक्त एक बल्ब किंवा एक नट घट्ट करून परत पाठवतो. पण त्या माझ्याकडे येईपर्यंत मालकाने कुठेतरी दोन-चार हजार घालवलेले असतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी लक्षण नीट ओळखा. ‘काटा खराब आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही. काटा कसा चुकतो यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

काटा अजिबात उठतच नाही, हे एक. सकाळी गाडी चालू केल्यावर काटा शून्यावर बसून राहतो, एकदा जोरात रेस दिली की टुणकन उठतो आणि मग दिवसभर व्यवस्थित चालतो, हे दुसरं, आणि ते पहिल्यापेक्षा पूर्ण वेगळं. तिसरं म्हणजे काटा खरा आहे त्यापेक्षा कमी दाखवतो, तेही पावसात, थंड इंजिनावर किंवा हेडलाइट लावल्यावर. चौथं, काटा नेहमीच ठरावीक हिशोबाने जास्त किंवा कमी दाखवतो, ऊन असो की पाऊस. पाचवं, काटा थरथरतो, उड्या मारतो. सहावं, गाडी बंद केली तरी काटा पाचशे-सहाशेवर अडकून राहतो.

यातलं आपलं कुठलं ते दोन दिवस गाडी चालवून बघा. चार्जिंगचा दिवा कधी लागतो, डिझेलचा आणि टेंपरेचरचा काटाही सोबत हलतो का, हे लिहून ठेवा. याला एक पैसा लागत नाही, आणि माझं अर्धं काम होतं.

काटा नेमकं काय मोजतो

जुन्या पेट्रोल गाडीत प्लगला ठिणगी देणारी कॉइल असते, तिथून मीटरला ठोके मिळतात. डिझेलला ठिणगीच नाही. म्हणून जुन्या डिझेल गाड्यांत, म्हणजे साध्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनांत, ठोके अल्टरनेटरमधून घेतात. ज्याला जुने ड्रायव्हर अजून डायनामो म्हणतात तोच. त्याच्या मागे ‘डब्ल्यू’ लिहिलेलं एक छोटं टर्मिनल असतं. आतल्या तीन फेजपैकी एका फेजची ती वायर. अल्टरनेटर जितका वेगाने फिरेल तितके ठोके जास्त, आणि मीटर ते ठोके मोजून काटा हलवतं.

थोडक्यात, या गाड्यांत काटा इंजिन मोजतच नाही. तो अल्टरनेटर मोजतो आणि त्यावरून इंजिनाचा अंदाज देतो. मधे फॅनबेल्ट आहे, पुली आहे, चार्जिंगचा दिवा आहे, एक बारीक वायर आहे. यातलं काहीही बिघडलं की इंजिन ठणठणीत असूनही काटा चुकतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या तपासण्या आपोआप सुचतात.

सीआरडीआय, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल इंजिनांत हे वेगळं आहे. तिथे क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) सेन्सर थेट इंजिनाचे फेरे मोजतो. त्या गाड्यांचं शेवटी लिहिलंय.

पहिली तपासणी: काटा चुकतोय की इंजिन?

ही पायरी सगळे गाळतात, आणि सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. कांदा-बटाटा मार्केटचा एक पिकअप गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आला. तक्रार अशी की सिग्नलला गाडी थांबली की अंग हलवून टाकते, ऑइलचा दिवा लुकलुकतो, गाडी मधेच बंद पडते. काटा मात्र बरोबर ७५० वर. मी पुलीला चमकपट्टी लावून लेझरच्या टॅकोमीटरने मोजलं तर इंजिन ५६० ला फिरत होतं. मी ड्रायव्हरला स्लोबद्दल, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं त्या वेगाबद्दल विचारलं, ‘दादा, स्लो कुणी कमी केलाय का?’ तो म्हणाला, ‘हो, महिन्यापूर्वी काटा हजारावर राहायला लागला होता, म्हणून गॅरेजवाल्याने पंपाचा स्क्रू फिरवून साडेसातशेवर आणून दिला.’

इंजिन तेव्हा ७५० लाच होतं. काटा खोटा होता, आणि त्या खोट्या काट्यासाठी चांगलं इंजिन बिघडवलं गेलं. मालक तर ऑइल पंप बदलायच्या बेतात होता. त्या काट्याचं कारण काय निघालं ते पुढे येईल.

म्हणून पंपाच्या स्लो स्क्रूला हात लावण्याआधी इंजिनाचा खरा वेग मोजा. लेझरचा टॅकोमीटर कुठल्याही चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे असतो, मोजायला दोन मिनिटं लागतात. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. क्रँकच्या पुलीवर पट्टी चिकटवायची ती इंजिन बंद असताना. गळ्यातला गमछा, ओळखपत्राची दोरी, हातातलं कडं काढून ठेवा. फिरत्या बेल्टजवळ वाकायचंय.

टॅकोमीटर नसेल तर रस्त्यावर हिशोब करता येतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर १००० मीटर. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करून गाडी चाकाचा एक फेरा ढकला आणि अंतर मोजा. समजा २ मीटर आलं, तर ६० च्या वेगाला चाक मिनिटाला ५०० फेरे घेतं. मागच्या डिफरन्शिअलचं गुणोत्तर ४.१ असेल आणि गिअरचं १ असेल (मागचं चाक ओढणाऱ्या पाच गिअरच्या बऱ्याच गाड्यांत तो चौथा गिअर), तर इंजिन ५०० गुणिले ४.१, म्हणजे २०५० ला फिरायला हवं. काटा २७०० दाखवत असेल तर तो खोटा आहे हे सिद्ध झालं. गुणोत्तरं गाडीच्या माहितीपुस्तकात मिळतात. वेग मोबाइलच्या जीपीएसवर घ्या, स्पीडोमीटर बहुतेकदा थोडा जास्तच दाखवतो. आकडे शेजारी बसलेल्याने वाचायचे, चालवणाऱ्याने नाही. पहाटे पाच-साडेपाचला ठाणे-बेलापूर रोड बऱ्यापैकी मोकळा असतो, मी तेव्हाच जातो.

इंजिनच खरंच कमीजास्त होत असेल, कानाला तसं ऐकू येत असेल, तर मीटरचा विषय इथेच संपला. डिझेल लाइनमध्ये हवा, तुंबलेला फिल्टर, पंपाचा गव्हर्नर ही पंपवाल्या मिस्त्रीची कामं आहेत.

सगळेच काटे नाचतात का?

फक्त आरपीएम नाही, डिझेल आणि टेंपरेचरचे काटेही नाचत असतील तर आरपीएमच्या मागे लागू नका. मीटरची सप्लाय किंवा अर्थ (मायनसची जोडणी) सैल आहे. फ्यूज काढून त्याचे पाय बघा, हिरवट झाले असतील तर बदला. डॅशबोर्डखाली मीटरच्या अर्थची वायर बॉडीला बोल्टने कसलेली असते. तिच्या थिंबलखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) गंज असतो तो पॉलिश पेपरने घासा, पांढरा पत्रा दिसेपर्यंत, आणि परत कसा. आपल्या खाडीकाठच्या हवेत, ऐरोली काय आणि उरण काय, उघडा पत्रा एका पावसाळ्यात गंजतो, म्हणून वरून थोडं ग्रीस.

सकाळी एकदा रेस दिल्यावरच उठणारा काटा

याचं उत्तर बहुतेक वेळा एका बल्बमध्ये असतं. अल्टरनेटरला वीज तयार करायला सुरुवातीला थोडा करंट बाहेरून द्यावा लागतो, आणि तो चार्जिंगच्या दिव्यातून येतो. डॅशबोर्डवरचा तो बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा. तो बल्ब उडाला की सुरुवातीचा करंट मिळत नाही, स्लोवर अल्टरनेटर नुसताच फिरतो, डब्ल्यूमधून ठोके येत नाहीत, काटा शून्यावर. जोरात रेस दिली की आतल्या फिरत्या भागात, म्हणजे रोटरमध्ये उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर तो स्वतः सुरू होतो आणि काटा उठतो.

तपासायचं असं: सेल मारू नका, नुसती चावी फिरवा. चार्जिंगचा लाल दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर बल्ब बघा. तीस रुपयांच्या आतलं काम. मात्र बल्ब मूळ वॉटचाच घाला. हल्ली डॅशबोर्ड उजळ दिसावा म्हणून लोक सगळे बल्ब काढून एलईडी घालतात. एलईडी करंट फार कमी घेते, तेवढ्याने अल्टरनेटर जागा होत नाही. घोडबंदर रोडवरून एक स्कूलव्हॅन यायची, तिच्या काट्यापायी दोनदा अल्टरनेटर उघडला गेला होता, आणि दोष एवढाच होता.

बल्ब चांगला, वायर जागेवर, तरी दिवा लागत नाही? मग आतले कार्बन ब्रश किंवा रेग्युलेटर. ते अल्टरनेटरवाल्याचं काम.

पावसात खाली येणारा काटा

इथे बेल्ट. अल्टरनेटरवर लोड आला, म्हणजे हेडलाइट, वायपर, ब्लोअर एकदम चालू झाले, की तो फिरायला जड होतो. बेल्ट ढिला किंवा चकचकीत झालेला असेल तर घसरतो. इंजिन तेवढंच फिरतं, अल्टरनेटर मागे राहतो, काटा खाली येतो. कधी कुईं असा आवाज येतो, कधी ओल्या बेल्टवर तोही येत नाही.

इंजिन बंद करून दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने बेल्ट दाबा. साध्या व्ही-बेल्टला दहा-पंधरा मिलिमीटर दबणं ठीक, त्याहून जास्त म्हणजे ढिला. पण नुसतं ताणून थांबू नका. टॉर्च घेऊन पुलीच्या खाचेत वाकून बघा. व्ही-बेल्ट खाचेच्या दोन भिंतींना धरून चालतो, तळाला टेकत नाही. खाचेचा तळ आरशासारखा चमकत असेल तर बेल्ट झिजून खाली बसलाय आणि तळावर घसरतोय. असा बेल्ट कितीही ताणा, पुन्हा घसरणार, शिवाय जास्त ताणून अल्टरनेटरचं बेअरिंग जाईल. तो बदला.

हे लांबणीवर टाकू नका असं मी प्रत्येक पिकअपवाल्याला सांगतो, त्याचं कारण काटा नाही. आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल पिकअप आणि जीपगाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो, आणि ब्रेकच्या बूस्टरला जोर तिथून मिळतो. बेल्ट तुटला तर चार्जिंग जातं आणि थोड्या वेळाने ब्रेकही दगडासारखा होतो. गायमुखच्या उतारावर भरलेली गाडी असताना हे व्हायला नको. पावसात काटा खाली येतोय म्हणजे बेल्ट आधीच सांगतोय.

उड्या मारणारा काटा

डब्ल्यूची वायर बारीक असते आणि इंजिनाच्या गरम बाजूने जाते. तिचं थिंबल अल्टरनेटरच्या मागे सैल होतं, किंवा व्हॅक्यूम पंपातून गळणाऱ्या ऑइलने माखतं. बॅटरीची मायनस वायर काढा, मग नट काढून थिंबल पुसा, घासा, परत बसवा. वायर थिंबलमध्ये दाबलेली असते तिथे हलकेच ओढून बघा. वरून धडधाकट दिसणारं रबरी आवरण आणि आत तुटलेली तार हा प्रकार मी शेकडो वेळा पाहिलाय. बोटात धरली की तेवढीच जागा मऊ लागते, बाकीची वायर कडक. ती जागा कापून नवा तुकडा डाग देऊन जोडा. नुसती पिळून टेप मारलेली जोडणी पुढच्या पावसात परत माझ्याकडे येते.

दोन गोष्टी कधीही करू नका. डब्ल्यूची वायर ‘करंट आहे का बघू’ म्हणून बॉडीला टेकवून ठिणगी काढू नका, आतला डायोड जातो. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासायची ती जुनी सवय सोडा. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं, रेग्युलेटर जातो, आणि नव्या गाडीत ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो.

मल्टिमीटर असेल तर

इथून पुढे हातात मल्टिमीटर हवा, आणि तो वापरायची सवयही. आधी बॅटरीवर चार्जिंग बघा: १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास. मग डीसी रेंजवर काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन डब्ल्यूला. चार्जिंगच्या साधारण निम्मं, म्हणजे सातच्या आसपास यायला हवं. २४ व्होल्टच्या ट्रकला चौदाच्या आसपास. निम्म्यापासून फार लांब असेल किंवा हलत राहत असेल तर डायोड प्लेट किंवा फेजची वाइंडिंग संशयित. हेच माप मीटरच्या मागच्या कपलरवर (वायरींच्या जोडणीवर) घ्या. अल्टरनेटरवर सात आणि मीटरच्या मागे दोन, तर दोष मधल्या वायरमध्ये.

मल्टिमीटरवर हर्ट्झ (सेकंदाला किती ठोके) मोजायची सोय असेल तर खरा निवाडा होतो, आणि त्या पिकअपचं कोडं असंच सुटलं. क्रँकची पुली १४० मिलिमीटर, अल्टरनेटरची ७०, म्हणजे अल्टरनेटर इंजिनाच्या दुप्पट फिरणार. पंपाचा स्क्रू परत फिरवून इंजिन लेझरवर ७५० ला आणलं, तेव्हा अल्टरनेटर १५००. बारा पोलचा (रोटरवर बारा चुंबकी टोकं असलेला) अल्टरनेटर एका फेऱ्याला ६ ठोके देतो. १५०० गुणिले ६ भागिले ६०, म्हणजे १५० हर्ट्झ यायला हवे होते. आले २००. उलटा हिशोब केला तर एका फेऱ्याला ८ ठोके, म्हणजे सोळा पोल. जुना अल्टरनेटर जळल्यावर कुणीतरी दुसऱ्या गाडीचा, बोल्ट जुळतात म्हणून, सेकंडहँड बसवला होता. काटा बरोबर एक तृतीयांश जास्त दाखवत होता: ७५० चे हजार. मालकाने जुना अल्टरनेटर टाकून दिला नव्हता, तो वाइंडिंग करून परत बसवला. काटा जागेवर, ऑइलचा दिवाही लुकलुकायचा थांबला.

पुली बदलली तरी असंच होतं. ७० च्या जागी ६० ची पुली आली तर काटा सहाव्या हिश्शाने जास्त दाखवतो. कायम एकाच प्रमाणात चुकणारा काटा दिसला की माझा पहिला प्रश्न असतो, ‘अल्टरनेटर कधी बदलला?’

मीटर स्वतः

हर्ट्झ इंजिनाबरोबर नीट वाढतात, मीटरच्या मागेही पोचतात, आणि काटा तरी चुकतो, तेव्हाच मीटरवर संशय घ्या. बाहेरून लावलेल्या डिझेल टॅकोमीटरच्या मागे बऱ्याचदा एक बारीक स्क्रू किंवा छोटे स्विच असतात, त्यावरून काटा लेझरच्या आकड्याला जुळवता येतो. कंपनीच्या कन्सोलला मात्र घरी उघडू नका. काटा उपटून परत बसवला की तो थोडा इकडेतिकडे बसतो, आणि गाडीचे किलोमीटरही त्याच बोर्डमध्ये साठवलेले असतात. बंद गाडीत वर अडकलेला काटा हा त्या बोर्डचा किंवा काट्याच्या मोटरचा दोष, तो मीटर दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.

सीआरडीआय गाडी असेल तर

इथे डब्ल्यू, बेल्ट, पोल हे सगळं विसरा. क्रँकवरच्या दातेरी चाकासमोर सेन्सर बसलेला असतो. बऱ्याच इंजिनांत ६० दातांच्या जागेतले २ दात मुद्दाम गाळलेले असतात, त्यावरून ईसीएमला इंजिन कुठल्या जागी आहे ते कळतं. आकडा तिथून दोन वायरींच्या कॅन लाइनवरून मीटरला जातो. स्कॅनर लावा, आणि स्कॅनरवरचा आरपीएम व काटा शेजारी ठेवून बघा. स्कॅनरवर ८०० स्थिर आणि काटा ११०० वर, तर मीटरचा दोष. स्कॅनरवरचा आकडाही उड्या मारतोय, तर सेन्सर, त्याचा कपलर किंवा दातेरी चाक. सेल मारताना स्कॅनरवर दोनशेच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. तिथे शून्य आणि गाडीही चालू होत नाही, तर क्रँक सेन्सर आधी बघा.

सेन्सर हाताला येण्यासारखा असेल तर काढून त्याचं टोक पुसा. चुंबक असल्यामुळे लोखंडाचा कीस त्याला केसांसारखा चिकटतो. तीन वायरींच्या सेन्सरला ओहमवर मोजू नका, त्यातून काही कळत नाही. याच्या पुढे, म्हणजे सेन्सर गिअरबॉक्सच्या घंटेत (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या कव्हरमध्ये) असेल, कॅनच्या वायरींत दोष असेल किंवा मीटरजवळ एअरबॅगच्या वायरी असतील, तर थांबा आणि स्कॅनर असलेल्या माणसाकडे जा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी तिथेच.

जुन्या गाडीतही थांबायच्या जागा ठरलेल्या आहेत. चार्जिंगचा दिवा चालू इंजिनावर लागून राहिला, अल्टरनेटरमधून जळका वास आला, बेअरिंगची घरघर आली, तर गाडी उभी करा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप असेल तर तो स्वतः सोडवू नका, परत बसवल्यावर ऑइलची लाइन आणि ब्रेक दोन्ही तपासून घ्यावे लागतात.

मिस्त्रीकडे जाल तेव्हा त्याला सांगा: लक्षण कुठलं, पावसात की नेहमी, खरा आरपीएम किती मोजला, चावीवर लाल दिवा लागतो का, अल्टरनेटर किंवा पुली कधी बदलली. आणि अल्टरनेटर बदलून घ्यायची वेळ आलीच, तर जुना समोर ठेवून पोल मोजायला सांगा, पुली जुनीच चढवायला सांगा, आणि गाडी बाहेर काढण्याआधी लेझर लावून ७५० ला काटा ७५० वर आहे का ते स्वतः उभं राहून बघा.